पडण्याची विद्या

कोणत्याही कृतीचे परीक्षण करू लागताना ती कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरवावे लागते. नाटकाला कादंबरीची कसोटी लावली म्हणजे नाटकावर अन्याय होतो आणि टीकाकाराचीही फजिती होते. ‘वॉर थंडर’ या संगणकावरील युद्धखेळाविषयी, विशेषतः त्यातील विमानयुद्धाविषयी, लिहावयास बसलो तेव्हा हीच अडचण प्रथम उभी राहिली. तो खेळ आहे, यात शंका नाही. परंतु विमान चालविता आल्यावाचून जो खेळताच येत नाही, तो खेळ एका विद्येचा पाठही ठरतो. आणि पाठ म्हटला की तो कसा दिला आहे, हे विचारण्याचा अधिकार टीकाकारास आपोआप प्राप्त होतो.

वाचकांपैकी पुष्कळांच्या सरकारी निवासस्थानांत रात्री एका खोलीचे दार लोटलेले असते आणि आतून इंजिनांची घरघर व तोफांचा कडकडाट ऐकू येत असतो. त्या आवाजाविषयी आपली जिज्ञासा ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नापलीकडे सहसा जात नाही. प्रस्तुत लेखकाचीही गेली नव्हती. बंगळूरास शिकणाऱ्या पुतण्याने आग्रह केला, “काका, एकदा बसून तर पाहा,” म्हणून बसलो. आणि पहिल्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा जमिनीवर आदळलो की, या आदळण्यात काही अर्थ आहे की नाही, याचा छडा लावणे हा अब्रूचाच प्रश्न होऊन बसला. पुढील विवेचन त्या छड्याचे फळ आहे.

१

प्रथम कृतीचा परिचय. अनेकांनी एकाच आकाशात एकमेकांविरुद्ध विमाने उडवावीत, ही कल्पना नवी नाही. केस्माय या अमेरिकन संस्थेचा ‘एअर वॉरियर’ हा खेळ १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनच्या तारांवरून खेळला जाऊ लागला होता. पुढे २००१ साली ओलेग मॅडॉक्स यांचा ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ आला आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या स्वभावभेदांचे बारीक चित्रण हा या परंपरेचा मानबिंदू ठरला. ‘वॉर थंडर’ हा या कुळातील लोकप्रिय वंशज. गायजिन एंटरटेनमेंट या संस्थेने तो २०१२ च्या अखेरीस सर्वांस खुला केला. प्रवेशास मूल्य नाही. आरंभी ग्लॅडिएटर, हाइंकेल ५१, आय-१५ यांसारखी दुपंखी विमाने हाती येतात. लढाया करीत, गुण मिळवीत, पायरीपायरीने खेळाडू जेट विमानांपर्यंत चढतो.

विमानयुद्धाचे तीन प्रकार या खेळात आहेत आणि परीक्षणाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहेत. पहिल्या ‘आर्केड’ प्रकारात विमान आकाशातच अवतरते, गोळ्या संपल्या तर हवेतच पुन्हा भरतात, आणि नेम कोठे धरावा हे दाखविणारे वर्तुळ शत्रूच्या पुढे उमटते. दुसऱ्या ‘रिअलिस्टिक’ प्रकारात लढाऊ विमान धावपट्टीवरून उचलावे लागते, गोळ्या संपल्या तर उतरावे लागते, वर्तुळ नसते, आणि विमान गेले की त्या लढाईपुरते सारे संपते. तिसऱ्या ‘सिम्युलेटर’ प्रकारात वैमानिकाच्या आसनावरून जेवढे दिसेल तेवढेच दिसते. शत्रूच्या नावाची पाटी त्याच्या डोक्यावर तरंगत नाही; मित्र कोण आणि वैरी कोण, हे पंखांच्या आकारावरून ओळखावे लागते.

वरवर पाहता ही सोप्याकडून कठीणाकडे नेणारी शाळा आहे. ती तशी आहे काय, हाच या लेखातील प्रश्न.

२

विमान चालविण्यातील मूळ अडचण अशी की, ते जमिनीवरच्या बुद्धीने चालत नाही. हे ज्याने सर्वांत स्वच्छ शब्दांत सांगितले तो वुल्फगांग लांगेविश हा जर्मनीत जन्मलेला अमेरिकन लेखक व वैमानिक. त्याचे ‘स्टिक अँड रडर’ हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले आणि आजही नवशिके वैमानिक ते वाचतात. त्याच्या प्रतिपादनाचा गाभा असा: गुडघ्यांमधील दांडा मागे ओढला की विमान वर जाते, ही समजूत अपुरी आहे. दांडा ठरवितो तो समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते, पंखाचा आधार ढासळतो आणि विमान पडू लागते. वेग अधिक असतानाही हे घडू शकते. पडू लागलेला नवशिका मनुष्यस्वभावाप्रमाणे दांडा आणखी मागे ओढतो. पाय घसरलेल्या माणसाने जवळचा कठडा पकडावा तसा. आणि नेमके तेच करावयाचे नसते. दांडा पुढे सोडावा, जमिनीकडे नाक करावे, वेग घ्यावा आणि मग सावरावे, हा पाठ हाताला पटण्यापूर्वी बुद्धीला पटावा लागतो. म्हणून लांगेविशला पुस्तक लिहावे लागले.

युद्धात यावर आणखी एक अडचण चढते. उंची आणि वेग या एकाच धनाच्या दोन अवस्था आहेत. उंची ही मुदतीची ठेव, वेग ही हातातली रोकड. खाली सूर मारला की ठेव मोडून रोकड होते. वर चढले की रोकड पुन्हा ठेवीत जाते. आणि प्रत्येक तीव्र वळण हा असा खर्च आहे की, त्याची भरपाई सहजी होत नाही. अमेरिकन वायुदलातील जॉन बॉइड यांनी १९६० नंतरच्या दशकात हा हिशेब गणिताने मांडला. पण तो न मांडताही पूर्वीचे वैमानिक जगत होते वा मरत होते. नवशिका खेळाडू शत्रू दिसताच त्याच्या शेपटीमागे वळतो, पुन्हा वळतो, तिसऱ्यांदा वळतो, आणि झाडांच्या शेंड्यांवर जवळजवळ थांबलेल्या विमानात बसून आपल्याला कोणी मारले याचा विचार करू लागतो. जपानी झिरो वळण्यात चपळ. अमेरिकन थंडरबोल्ट जड, पण सूर मारण्यात जबर. थंडरबोल्टमध्ये बसून झिरोशी वळण्याची पैज लावणे म्हणजे मल्लाने नर्तकाशी गिरक्यांची पैज लावण्यासारखे आहे. प्रत्येक यंत्राचा स्वभाव ओळखून त्याच्या स्वभावानेच लढावे लागते.

हे सारे या खेळात आहे, आणि प्रामाणिकपणे आहे. झिरोचा वेग वाढला की त्याची चपळाई नाहीशी होऊन नियंत्रणे जड होतात, ही इतिहासातील गोष्ट खेळाडूच्या हाताला जाणवते. पुस्तकातले विधान अनुभव होते, तेव्हा जो आनंद होतो तो खऱ्या ज्ञानाचा आनंद होय. तो देण्याचे सामर्थ्य या कृतीत आहे, हे मान्य करूनच तिच्या उणिवांकडे वळले पाहिजे.

३

पहिली उणीव गुरूची आहे. पहिल्या दोन प्रकारांत खेळाडू बहुधा माउसने केवळ दिशा दाखवितो. विमान त्या दिशेस नेण्याचे काम एक अदृश्य साहाय्यक करतो. या साहाय्यकाला खेळात ‘इन्स्ट्रक्टर’ असे नाव आहे. तो शेपटीचे सुकाणू सांभाळतो, पंख तोलतो आणि दांडा धोक्याच्या कोनापलीकडे जाऊ नये याची काळजी घेतो. लांगेविशने ज्यासाठी आयुष्यातील परिश्रम खर्चिले, ती नेमकी चूक तो शिष्याला बहुतांशी करूच देत नाही.

या नावाचा उपरोध कळण्यास १९१७ सालच्या गॉस्पोर्टकडे जावे लागते. पहिल्या महायुद्धात अर्धवट शिकलेले तरुण आघाडीवर येतात आणि मरतात, हे पाहून रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथे शिक्षणाची पद्धतच पालटली. तोपर्यंत शिष्यास धोक्यापासून दूर ठेवणे हेच शिक्षकाचे कर्तव्य मानले जाई. स्मिथ-बॅरीने दुहेरी नियंत्रणाच्या अॅव्हरो ५०४ विमानात शिष्याला सोबत घेऊन मुद्दाम गरगरत्या पतनात नेले आणि त्यातून बाहेर कसे यावे हे त्याच्याच हातांनी करवून घेतले. इंजिनाच्या आवाजात शब्द पोचावेत म्हणून शिक्षकाच्या तोंडापासून शिष्याच्या कानापर्यंत एक नळी बसविली होती. तिला पुढे गॉस्पोर्टचेच नाव पडले. धोका टाळण्याऐवजी धोक्याची ओळख करून देणे, हे या पद्धतीचे मर्म.

खेळातला ‘इन्स्ट्रक्टर’ याच्या उलट आहे. तो शिकवीत नाही. शिष्याचे काम स्वतः करून टाकतो. आपल्या कचेऱ्यांत असे कार्यतत्पर हेडक्लार्क आपण पाहिले आहेत. नवा अधिकारी येतो, मसुदे तयार होऊन पुढे येतात, सह्या होत जातात, आणि हेडक्लार्क रजेवर जाईपर्यंत अधिकाऱ्यास आपण काहीच शिकलो नाही याचा पत्ता लागत नाही. तिसऱ्या प्रकारात ‘इन्स्ट्रक्टर’ रजेवर असतो. पहिल्या दोहोंत शेकडो लढाया केलेला खेळाडू तेथे येतो. पंख्याच्या ओढीने विमान धावपट्टीवरच एका अंगाला वळते, आणि तो उड्डाणापूर्वीच गवतात जाऊन पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमध्ये जिना नाही, दरी आहे. तेव्हा ही शाळा सोप्याकडून कठीणाकडे नेते, हे विधान अर्धेच खरे ठरते.

४

दुसरी अडचण अधिक खोल आहे, कारण ती कोणा एका रचनेतून नव्हे, तर समूहाच्या अस्तित्वातूनच निर्माण होते. एकट्याने यंत्राविरुद्ध खेळताना चूक आणि तिची शिक्षा शेजारी-शेजारी असतात. समोर जिवंत माणसे आली की त्यांची ताटातूट होते.

उदाहरण घेऊ. खेळाडू उड्डाण करून चार-पाच मिनिटे चढत जातो. खाली दोन विमाने झुंजताना दिसतात. मोह होतो, तो सूर मारतो, एकावर झडप घालतो, चुकतो, वळतो. तेवढ्यात वरून तिसरा येतो आणि क्षणार्धात पडदा संपतो. खेळाडूला आठवतो तो शेवटचा क्षण. तो म्हणतो, माझा नेम चुकला. किंवा, माझे विमान हलके. किंवा, सोबत्यांनी पाठ राखली नाही. वस्तुतः त्याचा मृत्यू त्याने आकाशाचा वरचा भाग न पाहता सूर मारला, त्या घटकेलाच ठरला होता. शोकान्त नाटकात नायकाची चूक पहिल्या अंकात घडते आणि फळ पाचव्या अंकात येते; प्रेक्षकाला दोन्ही दिसतात, नायकाला मात्र दुसरेच दिसते. येथे खेळाडू नायक आहे आणि प्रेक्षागृह रिकामे आहे.

ही अडचण खेळाने निर्माण केलेली नाही; ती विमानयुद्धाइतकीच जुनी आहे. ओस्वाल्ट बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली आपल्या अनुभवाचे सार आठ नियमांत बांधले. झडप घालण्यापूर्वी अनुकूल स्थिती मिळवावी, शक्यतर सूर्य पाठीशी ठेवावा. अगदी जवळून गोळी झाडावी. शत्रूवरून नजर काढू नये. शत्रूच्या हद्दीत परतीची वाट विसरू नये. अशा स्वरूपाचे हे नियम आजच्या खेळाडूलाही शब्दशः लागू पडतात. आणि तरीही त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी बोल्के मरण पावला, तो शत्रूच्या गोळीने नव्हे. झुंजीच्या गर्दीत आपल्याच सोबत्याच्या विमानाला त्याचे विमान घासले. नियम करणाऱ्यालाही गर्दी पुरती आकळत नाही. मग पंधरा दिवसांच्या नवशिक्याने काय करावे?

५

याचे उत्तर याच कृतीत आहे, आणि माझ्या मते तेच तिचे सर्वांत मोलाचे अंग होय. झालेली लढाई नंतर पुन्हा पाहता येते. ‘रीप्ले’ या साध्या नावाखाली ही सोय आहे. हवी तेथे ती थांबविता येते, आणि विशेष म्हणजे दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या विमानामागे बसून पाहता येते. ज्याने आपल्याला मारले त्याच्याही.

पुतण्याने मला हे दाखविले, तेव्हा प्रथम माझी वृत्ती नाखुशीची होती. आपला पराभव पुन्हा पाहण्याची हौस कोणाला असते? तो तिकडे बंगळूरास, मी इकडे; कानावरच्या यंत्रातून त्याचा आवाज येत होता. “काका, आता त्याच्या बाजूने बघा.” मी पाहू लागलो. एक विमान माझ्यापेक्षा बरेच उंच, सूर्याच्या अंगाला, शांतपणे चालले होते. त्याने मला केव्हाच पाहिले होते. मी वळलो, त्याने घाई केली नाही. मी पुन्हा वळलो, माझा वेग सरला, आणि मग तो उतरला. ज्या घटनेला मी दुर्दैव म्हणत होतो, ती एका दक्ष माणसाने तीन मिनिटे धीर धरून रचलेली गोष्ट होती. मला राग येण्याऐवजी तिच्या रेखीवपणाचे कौतुक वाटले. गॉस्पोर्टच्या नळीतून येणारा आवाज कसा असेल, याची कल्पना मला त्या दिवशी आली.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेला माणूस नाट्याचा आस्वाद घेऊ शकत नाही. लढाईत गुंतलेला खेळाडू याच विघ्नाने ग्रासलेला असतो. त्याला स्वतःची भीती, स्वतःचा लोभ आणि स्वतःचा संताप यांपलीकडे काही दिसत नाही. पुनर्दर्शनात हे विघ्न गळून पडते. ‘मी’ हे पात्र इतर पात्रांपैकी एक होते. कारण आणि कार्य यांची झालेली ताटातूट संपते. म्हणून माझे म्हणणे असे की, या खेळात शिकणे लढाईत होत नाही. ते लढाईच्या वाचनात होते. लढाई हा केवळ मजकूर आहे.

हे मान्य केले म्हणजे कृतीचा मुख्य दोषही आपोआप स्पष्ट होतो. तिने आपले सर्वोत्तम पान मागील बाजूस बांधले आहे. पराभव होताच ठळकपणे समोर येतात ते मिळालेले गुण, नवी विमाने आणि पुढच्या लढाईचे बटन. वाचनाची वाट आतल्या दालनात राहते. सर्व रचना खेळाडूला पुढे ढकलणारी आहे, मागे वळविणारी नाही. यात व्यापारही मिसळला आहे. पैसे मोजले की वरच्या पायरीवरची निवडक विमाने थेट विकत मिळतात. दुपंखी विमान न उडविता माणूस जेटमध्ये बसू शकतो. आणि बसल्यावर इतरांहून आधी पडतो. ज्येष्ठतेचा क्रम डावलून मिळालेल्या पदाचे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

६

या खेळाची एक मर्यादा मात्र अशी आहे की, ती दोष म्हणून मोजता येत नाही, पण विसरताही येत नाही. रोजे कैवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार वर्ग केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. विमानयुद्धाच्या या खेळात स्पर्धा आहे, सोंग आहे, दैवही थोडे आहे. भोवळ मात्र नाही. तीव्र वळणात पडदा काळवंडतो, पण मान दुखत नाही, पोटात खड्डा पडत नाही. येथे शरीर नाही, आणि म्हणून मृत्यूही नाही.

रिचर्ड हिलरी याचे ‘द लास्ट एनिमी’ हे १९४२ सालचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना शरीर म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर १९४० मध्ये त्याचे विमान पेटले, त्याचा चेहरा व हात भाजले. तो पुन्हा उडू लागला आणि जानेवारी १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात गेला. आपल्याकडील इंद्रलाल रॉय यांचे उदाहरण याहून जुने. कोलकात्याचा हा तरुण १९१७ च्या अखेरीस विमान कोसळून जखमी झाला, पुन्हा प्रशिक्षणास गेला, आणि जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलै रोजी तो पडला. वय एकोणीस. त्याला एक पडणे परवडले. दुसरे परवडले नाही.

खेळाडूला हवे तितके पडता येते. हे त्याचे भाग्य आहे, आणि त्याच्यावरील ऋणही आहे. ज्या आठ नियमांमागे आणि ज्या नळीमागे इतकी माणसे उभी आहेत, ते ज्ञान त्याला घरबसल्या मिळते. त्याने निदान आपले पडणे वाया घालवू नये, एवढीच अपेक्षा. न वाचलेले पडणे हा नुसता गोंगाट आहे; दार लोटलेल्या खोलीतून आपल्याला ऐकू येतो तो.

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी याने १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात पहिल्या टपाल-उड्डाणाची आदली रात्र वर्णिली आहे. गियोमे या अनुभवी मित्राकडे तो गेला, आणि दिव्याच्या प्रकाशात नकाशा पसरून गियोमेने त्याला स्पेन शिकविला. नद्या आणि शहरे नव्हेत. ग्वादिसजवळच्या शेताकडेची तीन संत्र्याची झाडे, उतरण्याच्या एका मैदानात गवताखाली लपलेला ओढा, असे सारे. जे पाडू शकते ते आधी ओळखून ठेवावे, ही त्या पाठाची दृष्टी.

‘वॉर थंडर’मध्ये नकाशा आहे, ओढे आहेत, झाडे आहेत आणि दिवाही आहे. उणीव आहे ती शेजारी बसणाऱ्या गियोमेची; ती यंत्राला भरून काढता आलेली नाही, आणि पुढेही येईल असे वाटत नाही. ती माणसाने भरावी लागते. हल्ली रविवारी रात्री आम्ही काका-पुतणे दोन लढाया खेळतो आणि त्यांपैकी एक पुन्हा पाहतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या, मुले दूर शिकत असलेल्या वाचकांना माझी सूचना एवढीच की, पुढच्या वेळी त्या खोलीचे दार उघडून, किंवा दूरध्वनीवर, ‘अभ्यास झाला का?’ याऐवजी ‘आज कसा पडलास?’ असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा लांबलचक येईल, आणि ते ऐकण्यासारखे असेल.